वीतभर इकडे-तिकडे

जागृती घरतला शिकवून शिकवून कंटाळा आला होता, आणि तो ती कोणापासून लपवतही नव्हती. पेणजवळ हायवेला लागून असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती पहिल्या वर्षाच्या पोरांना गणित शिकवायची. दर वर्षी तोच धडा, तेच फळे, मागच्या बाकांवर तीच झोप. धडा असा, की एखादी गोष्ट एकाच वेळी दोन-तीन गोष्टींवर अवलंबून असते आणि तिचा खरा नियम फार किचकट असतो, किंवा कोणाला ठाऊकच नसतो. मग करायचं काय? आपल्या माहितीतला एक बिंदू धरायचा आणि त्याच्या आसपास त्या अवघड नियमाच्या जागी एक साधी बहुपदी बसवायची. थोडी बेरीज, थोडा गुणाकार, दोन-चार वर्ग, झालं. खरं उत्तर मिळत नाही. खऱ्याच्या जवळचं मिळतं.

तिचा जीव या धड्याच्या शेपटीत होता. बहुपदी मधेच तोडली की मागे काहीतरी उरतं. ते नेमकं किती ते कळत नाही, पण फार फार तर किती असेल ते मात्र हिशेबाने सांगता येतं. जागृतीच्या मते खरं गणित तेवढंच, बाकी नुसती हमाली. पण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. पोरं दुसऱ्या घातापर्यंत लिहायची, पुढे तीन टिंबं द्यायची आणि मोकळी व्हायची. "मॅम, ते रिमेंडरवालं इम्पॉर्टंट आहे का?" असं कोणीतरी दर वर्षी विचारायचंच. पहिली काही वर्षं ती यावर तासभर बोलायची. पालथ्या घड्यावर किती पाणी घालणार? पुढे पुढे ती नुसतं "नाही" म्हणायची आणि फळा पुसायची.

तिचं गाव खारवेळे, धरमतरच्या खाडीच्या काठावर, पोयनाडच्या अंगाला. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक दगडी दार. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की उघाडी पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते. हा बांध आहे म्हणून गाव आहे. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत भाताचं नाव काढायचं नाही.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला येऊ बघतं. त्या वेळी घरटी एक माणूस फावडं आणि पेंढा घेऊन बांधावर हजर हवा. पाणी जिथून डोकावेल तिथे चिखल थापायचा, माथा वाढवत न्यायचा. वेळेवर हात असले की बांध टिकतो. मग कोणत्या उधाणाला जायचं हे ठरवायचं कोणी? ते घरतांच्या घराने. गावदेवीच्या पारावर उभं राहून हाळी द्यायचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांचा. हाळी आली की घरात बसायचं नाही, आणि हाळी आली नाही तर उगाच कोणी जायचं नाही. हाळी एकाच शब्दाची, 'चला'. हाळीत 'बहुतेक' मावत नाही, 'कदाचित' तर नाहीच नाही.

जागृतीचे वडील दयाराम यांनी उभी हयात ही हाळी दिली. त्यांची रीत सोपी होती. शंका आली की हाळी. वारा जरा फिरला, हाळी. खाडीच्या पाण्याचा रंग बदलला, हाळी. दहा वेळा लोक जायचे, त्यातल्या आठ वेळा विड्या ओढून परत यायचे. गावाने त्यावर 'दयारामाची हाळी, फुकटची पाळी' असं जोडूनही ठेवलं होतं. म्हातारा हसायचा. पण एका वर्षी, जागृती शाळेत असताना, अशाच लागोपाठच्या रिकाम्या हाळ्यांना वैतागून अर्धा गाव घरी बसला आणि नेमकी त्याच दिवशी बांधाला खांड पडून खारं पाणी आत घुसलं. त्यानंतरचे पावसाळे गावाने रेशनच्या तांदळावर काढले. दोष कोणाचा, यावर अजून भांडणं होतात. थोडक्यात, म्हाताऱ्याची रीतही काही सोन्याची नव्हती.

जागृती अलिबागला शिकली, मग मुंबईला एमएस्सी केलं आणि परत आली. लग्न जमलं नाही. सांगून आलेल्या मुलांपेक्षा ती जास्त शिकलेली, आणि हे तोंडावर सांगायची तिला खोड. आई येसूबाई गेल्यावर घरात ती आणि दयाराम दोघंच उरले. सकाळी मिनीडोरने वडखळ, तिथून एसटी, संध्याकाळी उलट. वडखळ नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये तिचं निम्मं आयुष्य गेलं असं ती म्हणायची, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती.

तिला या बांधाच्या भानगडीत ओढलं मितेशने. मितेश म्हात्रे, बांध कमिटीचा अध्यक्ष. त्याचे उरणला ट्रेलर चालतात आणि फोन कानाला चिकटलेलाच असतो. गावातली शेतावर असणारी माणसं आता थोडीच. कोणी कंपनीत पाळीवर, कोणी ट्रेलरवर, कोणी नव्या मुंबईत. दर उधाणाला सुट्टी कुठून आणणार?

"ताय, तू येवढी गनितं शिकवतंस," तो एकदा ओटीवर बसून म्हणाला, "पानी किती चढंल ते आदी काडता येल का न्हाय? म्हंजे कामाच्या उधानालाच जायाचं. बाकी टायमाला आमी आपले धंद्याला मोकले."

जागृतीने आधी उडवून लावलं. मग रात्रीची भांडी घासता घासता तिच्या लक्षात आलं, की आपण वर्षानुवर्षं फळ्यावर मांडतो तेच हे. उघाडीजवळ पाणी किती चढेल हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, कोष्टकातली त्या दिवसाची भरती. दुसरी, नैर्ऋत्येचा वारा. खाडीची वळणं, गाळ, तिवरांची झाडी, या सगळ्यांतून पाणी कसं येतं याचा खरा नियम कोणालाच ठाऊक नाही. पण नेहमीसारखा एक उधाणाचा दिवस मध्ये धरला, तर त्याच्या आसपास बहुपदी बसवता येईल. कितीतरी वर्षांनी तिला कामाचा हुरूप आला.

तो सगळा पावसाळा बाप-लेकीने उघाडीवर काढला. उघाडीच्या दगडावर तिने लाल रंगाने खुणा केल्या. दयाराम उकिडवे बसून पाणी कुठल्या खुणेला लागलं ते ओरडून सांगायचे, ती भरती आणि वारा टिपायची. शेवटी हाती आले सहा आकडे. एक नेहमीच्या दिवसाचा. एक भरतीचा, एक वाऱ्याचा. एकेक दोघांच्या वर्गाचा. आणि एक दोघांचा मिळून, कारण भरती आणि वारा एकदम वाढले की नुसती बेरीज होत नाही, दोघं एकमेकांना चढवतात. दयारामांना बाकी काही कळलं नाही, पण हे सहावं पद एकदम पटलं. "भाऊ-भाऊ एक झालं की सोसायटीच्या निवडनुकीत बी तसंच व्हतं," ते म्हणाले.

"आणि यात चूक किती राहील तेही काढलंय, बाबा," ती म्हणाली. "नेहमीच्या दिवसाच्या जवळपास असलो तर दोन बोटं. पण त्या दिवसापासून जेवढं लांब जाऊ, तेवढी ही चूक झपाट्याने वाढते. दुप्पट लांब गेलं, तर दोन बोटांची सोळा बोटंही होऊ शकतात."

"सोला कशी? दुप्पट म्हंजे च्यार ना?"

"आपण दुसऱ्या घातापर्यंतच घेतलंय. जे सोडलं ते तिसऱ्या घाताचं. दोन गुणिले दोन गुणिले दोन. आठपट."

दयारामांनी स्वतःची बोटं पुढे धरून मोजली. बारा बोटांची एक वीत, आणि वर आणखी चार. "म्हंजे वीतभरापेक्षा जास्त," ते म्हणाले.

गावाला आकडा आवडला. नुसता आवडला नाही, गावाने तो डोक्यावर घेतला. मितेश उधाणाच्या सकाळी फोन करायचा, जागृती म्हणायची, "माथ्याच्या दोन विती खाली राहील, दोन-तीन बोटं इकडे-तिकडे." मितेश दयारामांना जाऊन सांगायचा, "नको." पाणी खरंच दोन विती खाली राहायचं. ट्रेलर वेळेवर सुटायचे. दोन वर्षं असं चाललं. ते 'इकडे-तिकडे' मात्र मितेशपर्यंत पोहोचून तिथेच संपायचं. त्याला वाटायचं, शिकलेल्या माणसाची बोलायची ती पद्धत असते; जेवायला वाढणारी बाई 'गोड मानून घ्या' म्हणते तसं.

या वर्षी श्रावणात मात्र दोन उधाणं अशी आली, की आकडा म्हणत होता पाणी माथ्याच्या खाली राहील, आणि चूक म्हणत होती सांगता येत नाही. दोन्ही वेळा जागृतीने मितेशला सांगितलं, "चला म्हण." दोन्ही वेळा दयारामांनी हाळी दिली, लोक कामं टाकून बांधावर गेले, आणि दोन्ही वेळा पाणी आकड्याप्रमाणे खालीच राहिलं. दुसऱ्या वेळी तर लखलखीत ऊन होतं. माणसं फावडी टेकून पाण्याकडे बघत बसली.

"झाली का बापाची सवय पोरीला," कोणीतरी मोठ्याने म्हणालं. बांध कमिटीच्या ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. एकाने लिहिलं, आकडा बरोबर असतो तर मॅडमला स्वतःवर भरवसा का नाही? जागृतीने उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं. काय सांगणार होती? चूक एवढी असू शकते म्हणजे तेवढी होईलच असं नाही, हे पोरांना वर्षभर शिकवून कळत नाही, ते ग्रुपवर दोन ओळींत कळणार होतं? तिने फोन पालथा ठेवला. खरं म्हणजे तिला रडू येत होतं, आणि त्याचाच राग जास्त आला होता.

मग आली सर्वपित्री अमावस्या. उधाण भर दुपारी, आणि तीच वेळ पितरांच्या पानाची. घरोघरी वडे, खीर, भाजी करून पान कौलावर ठेवायचं आणि कावळा शिवायची वाट बघायची. वाढणारा घरातला कर्ता पुरुष. तोच बांधावर जाणारा. भात पोटरीतून बाहेर येऊन दाणा भरत होता. समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा होता आणि आदल्या दिवसापासून वारा सुटला होता. जागृतीने पहाटे उठून सगळा स्वयंपाक करून ठेवला, आईच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं आणि कॉलेजात गेली. अर्धा दिवस परीक्षेचं सुपरव्हिजन होतं, तेवढं उरकून तिला परत यायचं होतं.

परीक्षा सुरू झाली आणि मितेशचा फोन आला. ती वर्गाच्या दारात जाऊन दबक्या आवाजात बोलली. भरती आणि वाऱ्याचे आकडे तिने सकाळीच फोनमध्ये घातले होते. उत्तर आलं होतं, वीतभर खाली.

"वीतभर खाली राहील," ती म्हणाली.

"नक्की ना, ताय? आज पानं हायेत. आज बोलावलं आनि काय झालं न्हाय, तर लोक मना खातील. आनि काकाला बी. परत कोन हाळीला उटायचं न्हाय, हे मी सांगतंय तुला."

मागच्या बाकावर एक मुलगा शेजाऱ्याच्या पेपरात बघत होता. वरिष्ठ सुपरव्हायझर जिन्यावरून वर येत होते. जागृती पहाटेपासून उभी होती. इकडे-तिकडेचं तिच्या ओठांवर आलं, आणि तिला ती हसणारी तोंडं आठवली.

"हो," ती म्हणाली. "नक्की."

एवढंच. तिने फोन बंद केला आणि जाऊन त्या मुलाला पुढच्या बाकावर बसवलं.

परतीची एसटी वडखळच्या अलीकडे अडकली. वाऱ्याने खिडकीच्या काचा खडखडत होत्या, बाहेर हॉटेलवाल्याची ताडपत्री उडून रस्त्यावर आली आणि दोघं-तिघं तिच्यामागे धावले. जागृती ती गंमत बघत होती आणि बघता बघता तिचं डोकं, त्याला सवयच होती म्हणून, हिशेब करू लागलं. आजची भरती वर्षातल्या मोठ्यांपैकी. वारा हा असा. तिच्या मधल्या दिवसापासून दोन्ही दुप्पट लांब. दोन बोटांची सोळा बोटं. आणि शिल्लक किती सांगितली आपण? वीतभर. बारा.

म्हणजे पाणी माथ्यावरून चार बोटं जाऊ शकतं.

तिने वडिलांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मग मितेशला.

"ताय, पान वाडतोय, मागनं करतंय," तो घाईने म्हणाला.

"अरे, ऐक, इकडे-तिकडे..." तेवढ्यात त्याने ठेवून दिला. पुढचं ती बंद फोनशीच बोलत होती. शेजारची बाई तिच्याकडे बघू लागली.

गावात काय झालं ते तिला नंतर कळलं. मितेशने सकाळी दयारामांना येऊन सांगितलं होतं, "ताय नको बोल्ली." म्हातारा पारापर्यंत गेला होता. वारा त्याने तोंडावर घेतला, खाडीकडे बघितलं. पूर्वीचा दयाराम असता तर त्याने सगळा गाव पानांवरून उठवला असता. पण हाळी द्यायची म्हणजे भर गावात म्हणायचं, की माझ्या पोरीचा आकडा खोटा. ते त्याच्याने झालं नाही. तो घरी आला, येसूबाईचं पान कौलावर ठेवलं, आणि कावळ्याची वाट न बघता फावडं घेऊन एकटाच बांधावर गेला.

पाणी बांधाच्या वळणावरून आलं. आधी नुसता माथा ओला झाला, मग एक पातळ धार आतल्या अंगाने घसरली. चार माणसं असती तर तेवढ्यावर थांबवता आलं असतं. म्हातारा चिखल टाकत राहिला. तो एका जागी टाकायचा आणि पाणी शेजारून यायचं. मग ओंजळभर माती गेली, मग पाटीभर, आणि मग सगळी कडाच बसली. दयाराम कसेबसे बाजूला झाले. वळणाखालचं सगळं शेत, त्यात सगळ्यात पुढे कोकिळा नावाच्या विधवेचं, दुपार कलेपर्यंत खाडी होऊन गेलं. आतला आडवा बांध होता म्हणून बाकीचं भात वाचलं.

जागृती पोहोचली तेव्हा गाव काठावर उभा होता. दयाराम कमरेपर्यंत चिखलाने भरलेले, फावडं हातात तसंच. तिला बघून ते म्हणाले, "घरी चल. पान तसंच हाय." आणि चालू लागले.

त्या रात्री तिने सांगितलं, "बाबा, मी चूक सांगितलीच नाही. मितेशने विचारलं, मी नुसतं नक्की म्हटलं."

दयाराम जेवत नव्हते, भाताशी खेळत होते. "दमलेली व्हतीस," ते म्हणाले. "दमल्यावर मानूस थोडक्यात बोलतो."

नवरात्रात गावदेवीपुढे बैठक बसली. कोकिळा पुढेच होती. नवरा गेल्यापासून ती एकटीने ते वळणाचं शेत कसत होती, आणि आता तिथे पांढरी खारी पापडी धरायला लागली होती. ती भांडायला आली नव्हती. तिला फक्त कळायला हवं होतं, की आपलं वर्ष कशापायी गेलं.

"आकडा चुकला का हाळी चुकली, येवडंच सांगा," ती म्हणाली.

जागृती उठायला लागली. त्याआधी दयाराम उभे राहिले.

"आकडा चुकला न्हाय," ते म्हणाले. "पोरगी मना सकाली घरनं निघतानाच बोल्ली व्हती. पानी वीतभर खाली ऱ्हाईल, पन वीतभर इकडं-तिकडं व्हईल, बाबा, हाळी द्या. मी इसरलो. पानाच्या गडबडीत इसरलो. मागनं आठवलं तवा येकटाच पलालो."

म्हातारा सत्तरीच्या पुढचा, अलीकडे चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा. हे लगेच पटण्यासारखं होतं.

"खोटं आहे," जागृती ओरडली. तिचा आवाज चिरकला. "बाबा खोटं बोलतायत. मी काहीच सांगितलं नव्हतं. मितेशने मला विचारलं, नक्की का, आणि मी हो म्हटलं. चूक माझी आहे. मितेश, सांग ना!"

मितेशने मान खाली घातली. तोही वाईट माणूस नव्हता. त्याला त्या सकाळचं 'नक्की' आठवत होतं, पण त्यानंतरचंही एक आठवत होतं.

"ताय बोल्ली व्हती नक्की," तो म्हणाला. "पन मग दुपारी परत फोन केलेला तिनं. इकडं-तिकडं काय तरी सांगत व्हती. मीच ठेवला, पान वाडत व्हतो. म्हंजे काकाला सांगितलेलं, त्येच मना बी सांगत आसंल."

"तेव्हा मला कळलं म्हणून मी..." जागृतीने सुरुवात केली, पण लोक आपापसांत बोलू लागले होते. कोकिळा जवळ आली. तिने जागृतीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कपाळाशी मोडली.

"बापाचा दोस आपल्यावर घ्यायला बी काळीज लागतं, बाय," ती म्हणाली. "पन देवीपुडं आसं खोटं बोलू नको. म्हातारा मानूस, व्हतं आसं."

जागृतीने तिचे हात धरले. "कोकिळावहिनी, मी खरं सांगतेय." कोकिळाने मायेने मान हलवली, आणि त्या मायेपुढे जागृतीचं काही चाललं नाही.

बैठकीने फार कठोर काही केलं नाही. कोकिळाच्या घरी वर्षभराचं भात घरटी पायली-पायलीने द्यायचं ठरलं. खांड बुजवायला सगळ्यांनी जायचं ठरलं. आणि हाळी घरतांच्या घराकडून काढून मितेशकडे दिली. म्हाताऱ्याला आता आठवत नाही, असं म्हणून, आदराने. दयारामांनी हात जोडले.

घरी येताना ती वाटेतच थांबली. "का केलंत असं? पिढ्यांचा मान होता तो."

"मानाचं काय करायचं मना आता?" दयाराम म्हणाले. बांधावरच्या त्या दुपारपासून त्यांना नीट चालवत नव्हतं. "माझ्या हाळीला आदीच कोन इचारत न्हवतं. तुझा आकडा तरी मानतात. त्यो बी गेला, तर बांधावर बोलवायचं कोनाच्या सबदावर? गावाला काय तरी एक खरं पायजे ना, बाय." आणि थोडं पुढे गेल्यावर, "नि तुला ऱ्हायाचंय या गावात. मी काय, चाललो."

तिला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या खांद्याला आधारही द्यावासा वाटला. तिने आधार दिला.

कोजागिरीला पुन्हा उधाण होतं. खांड नुकतीच बुजवलेली, माती अजून ओली. वाचलेलं भात कापणीला आलेलं. जागृतीने या वेळी आदल्या दिवशीच सगळं काढून ठेवलं होतं. आकडा, आणि त्याच्याखाली चूक, नीट हिशेब करून. सकाळी मितेशचा फोन आला तेव्हा ती कॉलेजात न जाता ओटीवरच बसली होती. दयाराम शेजारी, पाय शेकत.

"दीड वीत खाली राहील," ती म्हणाली. "पण ऐक, मितेश. नवी माती दबेल, ते माझ्या हिशेबात नाही. आणि चूक दहा-बारा बोटांची होऊ शकते. हे लोकांना सांग. आकड्याबरोबर हेही सांग. सगळ्यांना सांग."

"आगं ताय, ते इकडं-तिकडं आता कशाला?" मितेश हसत म्हणाला. त्याला तिला बरं वाटावं असंच वाटत होतं. "सगल्या गावाला म्हायतेय, तुझा आकडा कंदी चुकला न्हाय. त्या टायमाला बी न्हाय चुकला. काका इसरला म्हनून झालं ते. दीड वीत खाली ना? बास. मी नको सांगतंय सगल्यांना."

"मितेश, थांब!"

त्याने फोन ठेवला होता. पारावरच्या भोंग्यातून खरखर आली आणि मग मितेशचा आवाज सबंध गावावर पसरला, की तायनं आकडा दिला, आज कोणी यायची गरज नाही. शेजारच्या घरात कोणीतरी देवाचं नाव घ्यावं तसं म्हणालं, "जागृतीनं सांगितलं ना? मग झालं."

दयारामांनी शेकायचं फडकं बाजूला ठेवलं आणि लेकीकडे बघितलं. जागृतीने पदर खोचला, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि ती एकटीच बांधाच्या वाटेला लागली.